द्वारकासाठी दोन ओळी

"फिशपॉन्ड तर झालेच पाहिजेत," दिगंबर लहाने म्हणाला. "नाहीतर मेळावा भरवायचाच कशाला? सरळ कुणाच्या तरी तेराव्याला जमू."

कुंदा खो खो हसली. प्रल्हाद सोनुने गालातल्या गालात हसला. मी हसले नाही, आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून पाण्याची बाटली तोंडाला लावली.

नोव्हेंबरातला शनिवार होता. सकाळची शाळा सुटून तास होऊन गेला होता. प्रल्हादच्या शाळेतल्या सातवीच्या वर्गात आम्ही चौघं, पंचेचाळिशी गाठलेली माणसं, पोरांच्या बाकांवर गुडघे आवळून बसलो होतो. डी.एड. होऊन पंचवीस वर्षं झाली म्हणून आमच्या तुकडीचा मेळावा ठरला होता, डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी. त्याची ही बैठक. प्रल्हाद त्या शाळेचा मुख्याध्यापक. दिगंबर केंद्रप्रमुख, म्हणजे प्रल्हादचा साहेब. तसा तो वर्गात असल्यापासूनच सगळ्यांचा साहेब होता. कुंदानं दोन महिने फोन करकरून सगळ्यांची खबरबात वहीत उतरवली होती. आणि मी, इंदुमती पडघान, तिथं होते ती मला गाणी जुळवता येतात म्हणून. स्वागतगीत माझ्याकडे होतं.

"वाच गं कुंदे," दिगंबर म्हणाला.

"भागवत टेकाळे. मुख्याध्यापक. दोन्ही पोरी डॉक्टर, स्वतःला साखर."

"घरातच गिऱ्हाईक! पुढं?"

"सुधाकर काळे. नोकरी सोडली, खताचं दुकान टाकलं. शोभा मवाळ. नवरा फौजदार. तीनदा फोन लावला, तिन्हीदा त्यानंच उचलला आणि माझाच जबाब घेतला."

"येणार आहे का ती?"

"तो येणार आहे म्हणे. सोबत तिला आणणार आहे." कुंदानं पान उलटलं आणि तिचा आवाज उतरला. "आणि ही रत्ना. रत्नप्रभा जुमडे. तीन वर्षं झाली जाऊन."

त्या नावाभोवती तिनं काळ्या पेनानं चौकट आखली होती. चारी कोपऱ्यांत वेलबुट्टी काढून.

"तिच्यासाठी दोन मिनिटं शांतता," दिगंबर म्हणाला. "प्रास्ताविक झालं की लगेच. म्हणजे पुढचं मोकळेपणानं करता येईल. लिही प्रल्हाद. शांतता, सत्कार, जेवण, फिशपॉन्ड."

फिशपॉन्ड म्हणजे आमच्या वेळच्या स्नेहसंमेलनाचा जीव. वर्गाबाहेर आठ दिवस एक खोका ठेवायचा. ज्याला ज्याच्याविषयी टोचून बोलायचं असेल त्यानं ते चिठ्ठीवर लिहून आत टाकायचं, जमलं तर यमक जुळवून. खाली सही नसायची. संमेलनाच्या दिवशी एकजण माइकवर त्या चिठ्ठ्या वाचायचा, आणि जिच्या नावाची चिठ्ठी निघे तिनं हसत हसत स्टेजवर जाऊन ती घ्यायची. हसत हसत. तो नियमच होता. रडली तर ती अरसिक.

त्या वर्षी वाचणारा दिगंबर होता.

"ती सायकलवाली आठवते का?" तो म्हणाला. डोळे मिटून, बाकावर बोटांनी ठेका धरून तो गाऊ लागला. जात्यावरची चाल, थेट आमच्या आयांच्या गळ्यातली.

"वढ्याच्या काठाकाठानं घंटी सायकलीची वाजली,
मागं बसली द्वारका, पुढल्याला नाही लाजली..."

"अगोबाई, अजून पाठ आहे?" कुंदा म्हणाली.

"पाठ? हे विसरायचं असतं का! बी.एड.वाल्यांच्या बापाला असं जमलं नसतं. काय प्रल्हाद, पुढला कसा आहे आता?"

"जाऊ दे ना साहेब," प्रल्हाद म्हणाला. पण सुखावला होता तो. पंचवीस वर्षांनीही कुणीतरी त्याला सायकलवर बसवत होतं. केस गेले, पोट सुटलं, गुडघे दुखायला लागले, तरी त्या दोन ओळींत तो वीस वर्षांचाच होता.

मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"द्वारकाला बोलावलं का?" मी विचारलं.

"कोण द्वारका?"

"आत्ता जिचं नाव घेऊन गायलास, ती."

दिगंबरनं कुंदाकडे बघितलं, कुंदानं वहीकडे. "द्वारका खरात आपल्या यादीत येत नाही गं," कुंदा म्हणाली. "मी शेवटच्या वर्षाच्या पटावरून यादी केली ना. पटावर चाळीस. तिचं नाव तर परीक्षेआधीच कमी केलं होतं."

"म्हणजे फिशपॉन्डमध्ये चालते आणि यादीत चालत नाही."

"तू एवढी चिडतेस काहून?" दिगंबर म्हणाला. "तिचा पत्ता तरी आहे का कुणाकडं? जिवंत आहे का नाही, कोणाला ठाऊक?"

प्रल्हाद पेनाचं टोपण काढत होता, लावत होता. काढत होता, लावत होता.

"प्रल्हाद?"

"जिवंत आहे," तो म्हणाला.

"कुठं असते?"

"इथं."

"इथं म्हणजे? गावात?"

"शाळेत." त्यानं मान वर केली नाही. "पोषण आहार तीच शिजवते. सात वर्षं झाली. आत्ता मागं भांडी घासत असेल."

खिडकीतून काथ्या भांड्यावर घासल्याचा आवाज येत होता. बैठक सुरू झाल्यापासून येत होता. मी तो ऐकला होता आणि मला काही म्हणजे काही वाटलं नव्हतं.

"सात वर्षं," मी म्हणाले, "तू तिच्या हातची खिचडी चाखून वहीत सही करतोस. रोज. आणि आज आम्हाला इथं बोलावून बाकावर बसवलंस आणि हा गायला तरी ऐकून घेतलंस. खिडकी उघडी आहे प्रल्हाद!"

"अगं, काम मीच दिलं तिला! नवरा गेला तेव्हा पोरगी पदरात होती. गावातल्या बचत गटाशी भांडून मी तिला लावून घेतलं. आता तिला मेळाव्याचं सांगितलं असतं तर... तिला लाज वाटली असती, इंदू."

"तिला का तुला?"

"हे बघा," दिगंबर साहेबी आवाजात म्हणाला, "गमतीच्या कार्यक्रमात हे कुठलं काढता? चिठ्ठी काय आपण लिहिली होती? मी नुसती वाचली. आणि लिहिणाऱ्यानंही गंमतच केली. तिचा भाऊ माथेफिरू निघाला त्याला कोण काय करणार? उलट मी तर म्हणतो, तो लिहिणारा सापडला तर सत्कार करू त्याचा."

"कर," मी म्हणाले. "शाल आण. माझ्या मापाची."

आधी कुणाला कळलंच नाही. मग कुंदाचा हात तोंडाशी गेला. प्रल्हादच्या हातातलं टोपण खाली पडून बाकाखाली गेलं. आणि दिगंबर... दिगंबरचा चेहरा उजळला.

"तू? इंदे, तू? आणि पंचवीस वर्षं गप्प! अरे वा! मग यंदाचे सगळे तूच लिही!"

मी त्याची ती कार्यक्रमपत्रिका उचलली, फाडली आणि तुकडे त्याच्याच पुढ्यात ठेवले. मग मी मागच्या दारानं पटांगणात उतरले.

पटांगणाच्या त्या टोकाला पत्र्याची खोली होती. धूर विरून गेला होता. चालायला दोन मिनिटंही लागली नसती, पण मी कडेकडेनं निघाले.

आम्ही तिघी एका खोलीत राहायचो, मी, रत्ना आणि द्वारका. द्वारकाची आई ओव्यांचं भांडार होती आणि लेकीनं ते सगळं गळ्यात भरून आणलं होतं. सराव पाठासाठी आम्हाला चार मैलांवरच्या शाळेत जावं लागे. तिथं दुसरीच्या वर्गाला 'बी कसं रुजतं' हा पाठ तिनं घेतला, तो मी मागच्या बाकावरून बघितला. तिनं तक्ता लावला नाही. मूठभर भिजवलेले वाल पोरांच्या हातावर ठेवले आणि म्हणू लागली,

"काळ्या आईच्या कुशीत बी निजलं गुमान,
ऊन-पाण्याच्या हाकेनं त्याला फुटले दोन कान."

सगळा वर्ग कानाला हात लावून उभा राहिला. एकेक पोरगं रुजून आल्यासारखं. निरीक्षकांनी तिच्या पाठाला असा शेरा दिला की आमच्या विद्यालयात तसा कुणाला मिळाला नव्हता. मला मिळाला 'ब'. माझ्या वर्गातली पोरं जांभया देत होती.

त्याच दिवशी परत येताना तिच्या टाचेला फोड आला. प्रल्हाद सायकलवरून चालला होता, त्यानं तिला ओढ्यापासून गावच्या वेशीपर्यंत आणून सोडलं. बस, एवढंच. तिनं ते एकट्या रत्नाला सांगितलं, भीत भीत. रत्नानं ते एकट्या मला सांगितलं, हसत हसत.

आणि मला ती ओळ सुचली. वाजली, लाजली. मला त्या क्षणी द्वारकाचा राग होता का? होता. पण खरं सांगायचं तर रागापेक्षा यमकाची हौस मोठी होती. जुळलेलं यमक माझ्यानं टाकवलं नाही. माझी आई दळताना भावाचं नाव गुंफायची, लेकीचं गुंफायची, दूरच्या मैत्रिणीचं गुंफायची. जात्यावर ज्याचं नाव घ्यायचं ते मायेनं, हे मला न शिकवता कळलेलं होतं. त्याच चालीत मी एका पोरीचं नाव घेऊन ते खोक्यात टाकलं.

संमेलनाला पालकांना बोलावलेलं असायचं. द्वारकाचा थोरला भाऊ तिसऱ्या रांगेत बसला होता. दिगंबर गायला तेव्हा मांडव हसून हसून लोळला. द्वारका उठली. नियमाप्रमाणे हसत स्टेजकडे निघाली. अर्ध्या वाटेत भावानं तिचं मनगट धरलं. आठव्या दिवशी तिचं लग्न लागलं, घाटाखाली, पहिली बायको वारलेल्या माणसाशी. परीक्षेला दोन महिने होते.

पत्र्याच्या खोलीबाहेर, दगडावर बसून ती खिचडीचा मोठा गंज घासत होती. राखेनं कोपरापर्यंत हात भरलेले. केस पांढरे, पण मानेचा तो ताठा तसाच. तिनं मान वर केली आणि म्हणाली,

"ये व इंदू. बस. मंगाशीच पायलं मी तुले, फाटकातून येताना."

"मग हाक का नाही मारलीस?"

"सायेब लोकांची मीटिंग. म्हटलं, पोरांचं जेवण झालं, आता आपलं काय काम." ती खिडकीकडे बघून हसली, ओठांच्या एका कोपऱ्यानं. "दिगंबरचा गळा बसला पण. पयले चांगला गायचा."

म्हणजे तिनं ऐकलं होतं. मला उभ्या उभ्या मरण आल्यासारखं झालं. मी तिच्यासमोर मातीतच बसले. नव्या साडीची पर्वा केली नाही, आणि पर्वा केली नाही हे माझं मलाच जाणवलं, याचाही मला संताप आला.

"द्वारका, ती चिठ्ठी मी लिहिली होती."

काथ्या थांबला.

"कोनती?"

"तीच. सायकलवाली."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी शिवीची वाट बघत होते. ती राख माझ्या तोंडावर फेकेल असं वाटत होतं. फेकावी असंही वाटत होतं. सगळ्यात स्वस्तात सुटका तीच होती. पण तिनं अगदी हळू विचारलं,

"रत्नानं नाही?"

"नाही."

"नक्की? इंदू, माह्या पोरीची शपथ घे. रत्नानं नाही?"

"नाही द्वारका. रत्नानं मला फक्त सांगितलं होतं. लिहिलं मी."

तिनं गंज बाजूला ढकलला. तो गडगडत जाऊन भिंतीला आपटला.

"मी तिले एकटीलेच सांगितलं होतं," ती म्हणाली. "जगात एकटीले. म्हून मले वाटलं, तिच्याबिगर कोन? लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात मी तिले कागद धाडला. लिवलं, तुह्या जिभेत किडे पडो. लिवलं, तुह्या पोटी पोरगी येऊन तिचंबी असंच होवो. तिचा उलट कागद आला. 'द्वारके, मी नाही लिवलं.' एवढंच. मी इचारलं, मंग कोनी? नाव सांग. तिनं नाव नाही सांगितलं. मले वाटलं, नाव नाही म्हून सांगत नाही. खोटी हाय."

रत्नाला ठाऊक होतं. तिनंही एकटीलाच सांगितलं होतं, मला. तिनं मला कधी एका शब्दानं विचारलं नाही. तिच्या पोरीच्या बारशाला मी पाळणा लिहून नेला होता. तिच्या शोकसभेत बोलायला उभी राहिले होते, डोळे पुसत.

"दवाखान्यातून तिचा निरोप आला होता," द्वारका म्हणाली. "नवऱ्याले धाडलं होतं तिनं, मोटारसायकलवर, एवढ्या दूर. की येकदा येऊन जाय. त्यानं हात जोडले माह्यापुढं. मी तवा याच दगडावर बसले होते. मी म्हटलं, तिले सांगा, द्वारका मेली."

"द्वारका, मला..."

"माफी मांगू नको!" ती कडाडली. पत्र्यावर बसलेली कबुतरं भरारली. "माह्यासाठी आलीस न तू? माह्या नोकरीसाठी, माह्या लग्नासाठी? ते मी कवाचं गिळलं. ते माह्या भावानं केलं, बापानं केलं, त्या हसनाऱ्यायनं केलं, तू एकटी काहून मिरवतं? पन रत्ना माह्याजोळ होती, इंदू! येक मानूस होतं माह्याजोळ! ते तू नेलं! तुले येक कागद लिवता आला नाही? दोन वळी लिवता येत होत्या, तिसरी नाही आली?"

तिनं बादलीत हात बुडवले, कोपरापर्यंत धुतले, पदराला पुसले. खोलीत जाऊन चपला घालून आली. पिशवी घेतली, कडी लावली.

"तिची पोरगी कुठं असते आता?"

"तालुक्यालाच. वडिलांजवळ. जुन्या पोस्टामागं घर आहे. मी नेते तुला, माझी गाडी..."

"तू नाही यायचं." ती फाटकाकडे निघाली, आणि चार पावलांवर थांबली. "तुमचा मेळावा कवा हाय?"

"पंचवीस तारखेला."

"माइक राहीन न?"

"हो."

"त्याच्यावर सांगजो. सगळ्यायसमोर. माह्यं नाव नको घेऊ, मले तुमच्या तोंडून माह्यं नाव आता नको. रत्नाचं घे. सांग की तिनं लिवलं नव्हतं, तू लिवलं, आन तिनं मरेपर्यंत तुले झाकलं. तिच्या पोरीले बोलाव अन् तिच्यापुढं सांग."

"तू येशील?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी तो प्रश्न पुन्हा कधी कुणाला विचारला नाही. मग ती एसटीच्या थांब्याकडे चालत गेली, उन्हातून, भरभर. गंज तिथंच राहिला, अर्धा घासलेला. मी तो घासायला घेतला, आणि मग ठेवून दिला. तेही मिरवणंच झालं असतं.

मेळावा झाला. एकोणचाळीस माणसं आली, फौजदारासकट. रत्नाची मुलगी पहिल्या रांगेत होती, आईचंच नाक, आईचेच डोळे. दिगंबरनं स्वागतगीतासाठी माझं नाव पुकारलं. मी माइक धरला आणि सांगितलं. जसं द्वारकानं सांगायला सांगितलं होतं तसं, पाच-सहा वाक्यांत, न रडता. चिठ्ठी मी लिहिली. रत्नाला माहीत होतं. तिनं मरेपर्यंत मला झाकलं, आणि मी गप्प राहिले.

मला वाटलं, आता कुणीतरी उठेल. शिव्या घालील, थुंकेल, निदान खुर्ची मागं सारून निघून जाईल.

कोपऱ्यात कुंदानं डोळ्याला रुमाल लावला आणि एक टाळी वाजवली. मग दुसरी कुणीतरी. दिगंबर माझ्या बाजूला येऊन उभा राहिला, दुसऱ्या माइकवरून भरल्या गळ्यानं म्हणाला, "याला म्हणतात मन! एवढं मोठं मन लागतं मित्रहो, चूक कबूल करायला! इंदुमतीताईंसाठी जोरदार..."

सगळा मांडव उभा राहिला. फक्त पहिल्या रांगेतली एक पोरगी बसून होती, मांडीवर हात ठेवून, माझ्याकडे टक लावून.

"टाळ्या नका वाजवू!" मी माइकवर ओरडले. "हरामखोरांनो, टाळ्या नका वाजवू!"

त्या आणखीच वाढल्या.